निपटारा ९६ टक्के, तरी खेटे का संपत नाहीत?

सरकारी कार्यालयांच्या कामगिरीचं मोजमाप या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळच्या सदरात घेतली आहेत. पत्रलेखकांपैकी बरेच जण नोकरीत आहेत, म्हणून नावं आणि गावं गाळली आहेत. लांबलेले प्रश्न थोडे कापले आहेत.

प्रश्न : मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे. दाखल्यांचा आमचा निपटारा ९६ टक्के आहे आणि आढावा बैठकीत आमचं कौतुकही होतं. पण बाहेरची रांग कमी होत नाही आणि लोकांची बोलणी थांबत नाहीत. चुकतंय कुठे?

आधी ९६ टक्के कशाचे ते पाहा. समजा, महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक ३१० अर्ज, महिन्यात आवक १,१९०, म्हणजे एकूण १,५००. त्यातले १,४४० निकाली काढले तर कार्यविवरणात, म्हणजे कामाच्या हिशेबाच्या तक्त्यात, ९६ टक्के दिसणार. आता त्या १,४४० ची फोड करा. त्यातले २६० अर्ज 'त्रुटी' म्हणून परत गेले असतील, तर खऱ्या अर्थाने मंजूर किंवा गुणवत्तेवर नामंजूर झालेले उरले १,१८०. टक्केवारी आली ७८.७ वर. शिवाय परत गेलेले अर्जदार पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज करतात. त्यांची नोंद नवी आवक म्हणून होते, पुन्हा निकाली निघते आणि टक्केवारी आणखी चढते. एकाच माणसाचे तीन खेटे म्हणजे कागदावर तीन निपटारे. कोणी मुद्दाम खोटं लिहीत नाही, तक्ताच तसा आहे.

उरलेल्या ६० अर्जांकडेही नीट पाहा. सोपे अर्ज भराभर निघतात आणि अडलेले तळाशी बसतात, त्यामुळे ६० पैकी ४०-४५ तीन महिन्यांहून जुने असणं अगदी शक्य आहे. टक्केवारीत वय दिसत नाही. म्हणून आढाव्याचा तक्ता वयवार करा : ७ दिवसांपर्यंत, ८ ते १५, १६ ते ३०, ३१ ते ९० आणि ९० च्या वर. त्याखाली सर्वांत जुनी दहा प्रकरणं अर्ज क्रमांकासह, कोणत्या टेबलावर किती दिवस आहेत, ते लिहा. साहेबांनी बैठकीत फक्त या दहांबद्दल विचारलं तरी पुरे. मोठ्या तक्त्यांमध्ये जो वेळ जातो, त्यातला बराचसा वाचेल.

मग त्रुटींकडे वळा. त्रुटी काढून परत केलेल्या अर्जांची वेगळी नोंदवही ठेवा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. बहुतेक वेळा तीन-चार कारणंच पुन्हा पुन्हा येतात : वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि अर्जावर नावात फरक, रहिवासाचा पुरावा जुना, स्कॅन वाचता न येण्यासारखा, स्वयंघोषणापत्रावर सही नाही. यातली निम्मी कारणं सेवा केंद्रात अर्ज घेतानाच संपवता येतात. स्कॅन अपलोड करण्यापूर्वी ऑपरेटरने तो पडद्यावर मोठा करून पाहायचा, एवढी एक सूचना पाळली तरी फरक पडतो. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा : सगळ्या त्रुटी एकदाच काढायच्या. आज रहिवासाचा पुरावा मागायचा आणि तो आणल्यावर नावातला फरक दाखवायचा, ही तुकड्यातुकड्यांची पद्धत खेट्यांचं खरं मूळ आहे. दुसऱ्यांदा काढलेली त्रुटी तपासणाऱ्या लिपिकाच्या खाती मोजा.

आता रांगेचा हिशेब. शिल्लक भागिले रोजचा निपटारा म्हणजे नव्या अर्जाला लागणारे अंदाजे दिवस. ६०० शिल्लक आणि रोज ४० निघत असतील, तर आज आलेल्याला १५ दिवस थांबावं लागणार, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो. दहावी-बारावीच्या निकालानंतर आवक दुप्पट-तिप्पट होते. तेव्हा रोजचा निपटारा तेवढाच राहिला तर जुलैमध्ये काय होईल, हे मे महिन्यातच सांगता येतं. त्यासाठी शाळांमधून एप्रिलमध्येच शिबिरं घेऊन अर्ज आधी भरून घेणं, हा जुना आणि चालणारा उपाय आहे.

अडतं कुठे ते शोधायला २० अर्ज घ्या आणि प्रत्येक टेबलावर आल्याची आणि गेल्याची तारीख लिहा. प्रत्यक्ष काम काही मिनिटांचं निघतं, बाकीचा काळ मुक्कामाचा असतो. मुक्काम कुठे जास्त आहे ते कळलं की निम्मं निदान झालं. सहा गठ्ठे पद्धत तुमच्या कार्यालयात असेलच : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे कागद. यातला 'प्रतीक्षाधीन' गठ्ठा संशयाने तपासा. 'अहवाल मागवला आहे' असं लिहून प्रकरण तिथे टाकलं की ते प्रलंबितमधून नाहीसं होतं आणि स्मरणपत्र पाठवायचं कोणालाच आठवत नाही. प्रतीक्षाधीन कागदावर पुढच्या स्मरणपत्राची तारीख नसेल, तर तो प्रलंबितमध्येच मोजा.

प्रश्न : दाखला १५ दिवसांत मिळायला हवा, असं फलकावर लिहिलं आहे. महिना झाला. विचारलं तर म्हणतात, तुमचा अर्ज अजून ऑनलाइन चढवलेलाच नाही. सेवा हक्क कायद्याचा मग उपयोग काय?

तुमच्याकडे पावती आहे का, यावर सगळं अवलंबून आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. त्यात अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरलेली असते, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो आणि वर अपिलाच्या पायऱ्या असतात. पण व्यवहारात अर्जाला क्रमांक पडेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. अर्ज नुसता ठेवून घेतला आणि पावती दिली नाही, तर अर्ज दिल्याचा पुरावा नसतो आणि तुम्ही अजून दारातच आहात. टेबलावरची ही पळवाट सर्वांत साधी आहे आणि तिचा वापरही सर्रास होतो.

म्हणून अर्ज देतानाच क्रमांकाची पावती घ्या आणि तो क्रमांक 'आपले सरकार' पोर्टलवर तपासा. मुदत उलटली किंवा नकार मिळाला की ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तिथेही समाधान झालं नाही तर दुसरं अपील आणि त्यानंतर ६० दिवसांच्या आत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. पुरेसं कारण नसताना उशीर केला असेल, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती, म्हणजे दंड, होऊ शकते.

शास्तीची भीती कमी असते. कारण दाखला हातात पडला की अपील करायला कोण जातो? पुढच्या वर्षी त्याच टेबलावर यायचं असतं. म्हणून केवळ अपिलांची संख्या पाहून 'तक्रारी नाहीत' असा निष्कर्ष काढणाऱ्या कार्यालयावर विश्वास ठेवू नका. अपील शून्य असणं ही स्वतःच तपासायची गोष्ट आहे.

फलकाबद्दल एक बारीक गोष्ट. काही सेवांमध्ये प्रतीक्षा कायद्यातच आहे. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतल्या बदलाच्या, नोटिशीनंतर हरकतींसाठी १५ दिवस द्यावेच लागतात. तिथे 'आठ दिवसांत फेरफार' अशी घोषणा कोणी केली, तर एकतर नोटीस नीट बजावली जात नाही किंवा तारखा मागेपुढे होतात. अशा सेवेत हरकतीची मुदत संपल्यापासून मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करेपर्यंतचे दिवस मोजायला हवेत.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या उपकेंद्रांत बायोमेट्रिक हजेरी बसवली. पहिले चार महिने चांगले गेले, आता पुन्हा जैसे थे. यंत्र बदलायचं का?

यंत्र बदलून काही होणार नाही. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात यावर दोन प्रयोग झाले आहेत आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी अनौपचारिक शाळांमधला. शिक्षकाने दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसह फोटो काढायचा. कॅमेऱ्यावरची तारीख-वेळ बदलता येत नव्हती. महिन्यात २० दिवस भरले तर १,००० रुपये, वरच्या प्रत्येक दिवसाला ५० जास्त, कमी दिवसाला ५० वजा, पण ५०० च्या खाली नाही. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांच्या चाचणीतल्या गुणांतही वाढ झाली.

दुसरा त्याच जिल्ह्यातला, पण सरकारी उपकेंद्रांवरच्या परिचारिकांचा. २००६ मध्ये वेळ छापणारी यंत्रं दिली आणि ठरलेल्या दिवसांपैकी निम्म्याहून कमी हजेरी असेल तर पगार कापायचं ठरलं. पहिल्या सहा महिन्यांत हजेरी चांगली वाढली. १६ महिन्यांनंतर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या उपकेंद्रांत फरक उरला नाही. या काळात 'सूट दिलेला दिवस' असा शेरा वाढत गेला होता. बैठक, सर्वेक्षण, मोहीम, काहीही कारण दिलं की वरचे अधिकारी तो दिवस माफ करत होते. यंत्राने आकडा दिला, पण तो वापरायची इच्छा आरोग्य खात्यात नव्हती. संस्थेच्या शाळेत कापाकापी आपोआप होत होती, इथे ती माणसाच्या सहीवर होती.

तुमच्या यंत्राच्या नोंदीत 'कर्तव्यावर बाहेर' किती आहेत, ते काढा. प्रत्येक नोंदीला कारण आणि मंजूर करणाऱ्याचं पद असा स्तंभ जोडा. कोणत्या अधिकाऱ्याने महिन्यात किती दिवस माफ केले, याची यादी आली की चर्चा परिचारिकेवरून मंजुरी देणाऱ्याकडे वळते, आणि ती तिकडेच वळायला हवी. दुसरं, परिचारिकेला गृहभेटी, लसीकरण, बैठका ही बाहेरची कामं खरोखरच असतात. रोज आठ तास उपकेंद्रात बसा, ही मागणीच अवास्तव. आठवड्यातले दोन वार आणि वेळ ठरवून दारावर मोठ्या अक्षरांत लिहा, त्या दिवशी बैठक ठेवायची नाही हा नियम तालुका आरोग्य अधिकाऱ्याने स्वतः पाळावा, आणि हजेरी फक्त त्या दोन दिवसांची कडक मोजा. गावाला वार पाठ झाला की अर्धी देखरेख गावच करतं. ओपीडी नोंदवहीत रुग्ण आल्याची वेळ लिहायची सवय लावली, तर शेवटच्या रुग्णाची वेळ पाहून दुपारनंतर केंद्र उघडं होतं की नाही तेही कळतं.

प्रश्न : मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. तीव्र कुपोषित बालकं वाढली की वरून विचारणा होते, कमी झाली की शाबासकी. सेविका घाबरतात. खरं वजन लिहायचं कसं?

पत्र लिहिलंत हे बरं झालं, कारण हा मोजमापाचा सर्वांत घातक प्रकार आहे. वाईट बातमी आणणाऱ्याला शिक्षा होत असेल, तर वाईट बातमी येणं बंद होतं, मूल मात्र तसंच राहतं. दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित गटात जातं. पट्टी जरा सैल धरली की ११.६ होतो. उंचीच्या मानाने वजन पाहायचं असेल तर उंची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कमी लिहिली की तेच वजन पुरेसं दिसू लागतं. खोटेपणा इतका बारीक असतो की तो करणारीलाही तो खोटेपणा वाटत नाही.

तो पकडायला वेगळं साधन लागत नाही. तुमच्या बीटमधली, म्हणजे तुमच्याकडच्या अंगणवाड्यांतली, गेल्या महिन्याची २०० वजनं घ्या आणि दशांश चिन्हानंतरचा पहिला अंक मोजा. शून्य ते नऊ हे दहाही अंक साधारण सारखे, म्हणजे २०-२० वेळा यायला हवेत. शून्य आणि पाच मिळून ४० च्या आसपास येण्याऐवजी १०० च्या पुढे गेले, तर वजन काट्यावर नव्हे, अंदाजाने लिहिलं जातंय. दंडघेरात ११.५ च्या लगेच वर गर्दी आणि लगेच खाली ओसाडी दिसली, तर पट्टी सैल आहे. कधीकधी मात्र दोष सेविकेचा नसतो. काटा शून्यावर येत नाही, दोन वर्षांखालच्या मुलाला झोपवून मोजायची पाटी नाही, म्हणून त्याला उभं करून मोजलं जातं. उभं आणि झोपवून यात सुमारे ०.७ सेंमीचा फरक पडतो. आधी काट्याची खात्री करा : एक किलोचं न उघडलेलं मिठाचं पाकीट आणि दोन किलोचं पिठाचं, एवढ्यावर काटा बरोबर आहे की नाही ते ढोबळ कळतं.

मग दर महिन्याला प्रत्येक अंगणवाडीत दहा मुलं स्वतः पुन्हा मोजा, शक्यतो त्याच दिवशी. २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर सेविकेबरोबर तिसऱ्यांदा मोजायचं, रागवायचं नाही. अहवालात 'किती तीव्र कुपोषित' हा आकडा सेविकेच्या नावासमोर ठेवूच नका. तिच्या नावासमोर चार गोष्टी हव्यात : नोंदवलेल्या मुलांपैकी किती मोजली, फेरमोजणीत किती जुळली, सापडलेलं मूल किती दिवसांत ग्राम बाल विकास केंद्रात किंवा डॉक्टरांकडे पोचलं, आणि दाखल झालेल्यांचं वजन वाढलं का. न मोजलेली मुलं हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. आजारी आणि स्थलांतरित कुटुंबातली मुलंच बहुधा त्यात असतात. जिल्हास्तरावर तीव्र कुपोषित बालकांची संख्या अचानक घटली तर अभिनंदनाचं पत्र काढण्याआधी फेरमोजणी मागवायला हवी. हे तुमच्या हातात नाही, हे मान्य. पण फेरमोजणीचा तक्ता तुम्ही दर महिन्याला जोडत राहिलात तर तो कोणाला तरी वाचावाच लागेल.

प्रश्न : राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. सरकारी नोकरांचा पगार कामगिरीशी जोडला तर सेवा सुधारते का? मतं फार वेगवेगळी वाचायला मिळतात.

मतं वेगवेगळी आहेत, कारण कामं वेगवेगळी आहेत. आंध्र प्रदेशात ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांमध्ये अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेल्या प्रयोगात शिक्षकांना मुलांच्या गुणांतल्या वाढीवर बोनस दिला गेला. सरासरी पाच टक्क्यांपेक्षा वर जितकी वाढ, तितक्या टक्क्यांना प्रत्येकी ५०० रुपये. बोनस वार्षिक वेतनाच्या सरासरी तीन टक्केच होता, तरी दोन वर्षांनी मुलं गणितात आणि भाषेत पुढे गेलेली दिसली. यातले दोन तपशील नजरेतून सुटतात. एक, बक्षीस पातळीला नव्हे, वाढीला होतं, त्यामुळे गरीब वस्तीतल्या शिक्षकाचं नुकसान झालं नाही. दोन, परीक्षा शाळेने नव्हे, बाहेरच्यांनी घेतली.

याउलट अर्थतज्ज्ञ इमरान रसूल आणि डॅनियल रॉजर यांनी नायजेरियाच्या केंद्रीय नोकरशाहीतल्या सुमारे ४,७०० प्रकल्पांचा अभ्यास केला. अधिकाऱ्यांना निर्णयाची मोकळीक जिथे जास्त होती तिथे प्रकल्प अधिक पूर्ण झाले, आणि प्रोत्साहन-देखरेखीची पद्धत जिथे जास्त कडक होती तिथे कमी. बंधारा, विहीर, प्रशिक्षण अशा कामांत अडचणी आयत्या वेळी येतात. आकड्याला बांधलेला माणूस तेव्हा आकडा सांभाळतो. हजेरी किंवा लसीच्या मात्रा मोजता येतात, तिथे पैसे जोडून पाहावं. तलाठ्याच्या न्यायबुद्धीला दर लावता येत नाही.

प्रश्न : पंचायत समितीचा सदस्य आहे. आमच्याकडे ना पैसा, ना यंत्रणा. सेवा नीट मिळते का हे तपासायचं कसं? आणि जिल्ह्यांच्या क्रमवारीला किती महत्त्व द्यायचं?

फोन करा. २०१८ मध्ये तेलंगणात 'रयतु बंधू' योजनेचे धनादेश शेतकऱ्यांना वाटले गेले, एकरी ४,००० रुपये हंगामाला. काही मंडलांतल्या (तिथल्या तालुक्यासारख्या विभागांतल्या) कृषी अधिकाऱ्यांना आधीच सांगितलं होतं की शेतकऱ्यांना फोन करून पैसे मिळाल्याची खात्री केली जाईल. बाकीच्यांना सांगितलं नव्हतं. जिथे सांगितलं तिथे धनादेश पोचण्याचं आणि वेळेवर पोचण्याचं प्रमाण वाढलं. वाढ लहान होती, पण खर्च इतका कमी की हिशेब फायद्याचा ठरला.

तुमच्या तालुक्यासाठी असं करता येईल. लाभार्थ्यांची पूर्ण यादी घ्या, त्यातून दर आठवड्याला २५ नावं चिठ्ठीने काढा. ग्रामसेवकाने सुचवलेली नावं घेऊ नका. विचारायचे प्रश्न चारच : सेवा मिळाली का, किती तारखेला, किती खेटे घातले, फीशिवाय काही द्यावं लागलं का. शेवटचा प्रश्न शेवटीच विचारा. 'समाधानी आहात का' हे विचारू नका, कारण लोक भिडेखातर हो म्हणतात. फोन लागला नाही तर तीन वेगवेगळ्या वेळी प्रयत्न करा, त्यातला एक संध्याकाळी सातनंतर. शेतकरी आणि मजूर दुपारी सापडत नाहीत. आणि फोन होणार आहेत हे कर्मचाऱ्यांना आधी सांगा. तेलंगणातला परिणाम सांगण्याचाच होता.

महिन्याचे १०० फोन झाले की आकडा येतो, पण खरा आकडा त्याच्या दहा टक्के वर किंवा खाली असू शकतो. एका गावाचे ७२ टक्के आणि शेजारच्याचे ७६, यावरून पहिला-दुसरा ठरवणं म्हणजे नाणं उडवणं. ७२ आणि ४५ असेल तर मात्र गावात जाऊन पाहा.

क्रमवारीचं म्हणाल तर २०१८ पासूनच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात, ज्यात आपले नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव आहेत, ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याची महिन्यागणिक प्रगती मोजतात. त्यात एकूण स्थानाबरोबर 'डेल्टा', म्हणजे किती सुधारणा झाली, त्यावरही क्रम लागतो. मागे पडलेल्या जिल्ह्याला हे न्याय्य. पण बराचसा आकडा जिल्ह्यानेच भरलेला असतो, म्हणून कोणत्याही महिन्यात एखाद्या निर्देशांकाने मोठी उडी मारली तर आधी नोंदी तपासाव्यात. २०२५ मधल्या राज्याच्या १०० दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा कार्यक्रमात संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, सोयीसुविधा असे सात मुद्दे होते आणि मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडे होतं. बाहेरचा तपासनीस असणं ही त्यातली जमेची बाजू. पण खुर्च्या आणि रंगरंगोटी तपासणं सोपं असल्याने कार्यालयं तिकडेच पळतात. सरकारी रुग्णालयांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण असतात आणि तपासनिसाने पाहणी, कर्मचाऱ्याशी बोलणं, नोंदी आणि रुग्णाशी बोलणं अशा चार वाटांनी खात्री करायची असते. पंचायत समितीत पाहणीला जाल तेव्हा यातली चौथी वाट आधी धरा : दारातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या दहा माणसांना विचारा, आज कितवा खेटा आहे.